विमानाच्या दारावरचे अकरा पोचे

विमानाचा तो सांगाडा दुपारी तीन वाजून गेले की वाजायला लागायचा. वारज्यातल्या आमच्या शेडमागे एक सात मजली इमारत आहे. तिची सावली पत्र्याच्या छपरावर आली, की आतलं अॅल्युमिनियम निवायला सुरुवात व्हायची. आधी एक बारीक टिक. मग बराच वेळ काही नाही. मग आतल्या कुठल्यातरी कोपऱ्यातून, कोणी बोटाचं पेर आपटावं तसा आवाज.

"पत्रा आहे तो," चाचा म्हणाले. "तापला की पसरतो, निवला की आकसतो. तुम्हाला कॉलेजात हे शिकवलं नाही?"

"मी इतिहास घेतला होता."

"मग बरोबर. भुतं तुमच्याच विषयात येतात."

चाचा म्हणजे सत्तरीतले डेंटिंगचे कारागीर. त्यांचं घराणं पाच पिढ्या मोमिनपुऱ्यात राहिलेलं. स्वारगेटजवळच्या गॅरेजात त्यांनी चाळीस वर्षं गाड्यांचे पोचे काढले होते. सांगाडा ठेवायला लोखंडी घोडी बनवायच्या होत्या, त्यासाठी आम्ही त्यांना बोलावलं होतं. मला ते 'पदवीधर' म्हणत. त्यात टोमणा असायचा, पण मला तो शब्द ऐकायला आवडायचं हेही खरं आहे. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्यामुळे आला. वडिलांचं तालुक्याच्या गावी सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी त्या कागदाची झेरॉक्स काढून, प्लास्टिकमध्ये घालून, हवा भरायच्या पंपाच्या वर लावली आहे.

कर्वेनगरातल्या एका लहान संग्रहालयात मी सहायक आहे. संग्रहालय चालवणाऱ्या मॅडम सदाशिव पेठेतल्या, निवृत्त प्राध्यापक. मुलाखतीत माझं इंग्रजी दोनदा अडलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मराठीत सांगा. विमानाला दोन्ही कळत नाही." तेवढ्यावर माझी नोकरी लागली. ते उपकार मी विसरलेलो नाही, आणि पुढे जे झालं त्यात ते सतत माझ्या मानेवर बसून होते.

विमान महायुद्धातलं, मालवाहू. पुण्याच्या पश्चिमेच्या डोंगरात एका घळीत कोसळलेलं. आत तिघे होते. नाक खडकात चेपून गेलं, शेपटीकडचा भाग चिमटून बंद झाला. पंख आणि यंत्रं गेल्या ऐंशी वर्षांत गावाने नेली. त्यांच्या ताटल्या झाल्या, गुरांना पाणी पाजायचं पसरट भांडं झालं, कोणाच्या न्हाणीचा आडोसा झाला. उरला तो मधला डबा, टेम्पोएवढा. त्याला एका अंगाला दार, हात जाईल एवढ्या दोन खिडक्या, आणि छतावर करवतीने कापलेलं चौकोनी भोक. परवानग्या मिळवून तो डबा आम्ही ट्रेलरवर घालून वारज्याला आणला. साफसफाई करून तो कर्वेनगरच्या दालनात ठेवायचा, शेजारी त्या तिघांच्या स्मृतीचा फलक लावायचा, असं ठरलं.

तिघांपैकी एकाची मुलगी हयात होती. वडील गेल्यानंतर जन्मलेली, आता ऐंशी ओलांडलेली. मॅडमचा तिच्याशी पत्रव्यवहार होता. तिच्या आईला लष्कराकडून आलेल्या पत्राची प्रत तिने पाठवली होती. विमान कोसळताच तिघांनाही तत्काळ मृत्यू आला, कसल्याही वेदना झाल्या नाहीत, असा त्याचा आशय. फलकाचा मजकूर लिहायचं काम माझं. ते वाक्य मी तसंच घेतलं. उद्घाटनाला ती बाई येणार होती.

डबा आणल्यावर पहिल्याच अमावास्येला, दुपारी, बाहेरून हाक आली. "ओ पाव्हणं! ओ!" शेडला पत्र्याचं मोठं दार आहे, लोक ते धडाधडा वाजवतात. हा माणूस दोन हात लांब उभा राहून नुसता हाका मारत होता. आम्ही पाच-सहा हाका ऐकल्याच नाहीत. दार उघडलं तर त्या घळीजवळच्या गावचा एक पन्नाशीतला शेतकरी. एसटीने स्वारगेटला उतरून, सिटी बस बदलून आलेला. फडक्यात भाकरी, कालवण आणि भाताची मूद. त्याने ते डब्याच्या दाराशी पानावर ठेवलं, हात जोडले, आणि पाणीही न पिता गेला.

"कोणासाठी हे?" मी विचारलं होतं.

"जुनी रीत हाय," एवढंच तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात मॅडम आठवडाभर बंगलोरला मुलीकडे गेल्या. जाताना सांगून गेल्या, "धूळ काढा, शेवाळ काढा. बाकी कशाला हात लावू नका."

मी लावला. का लावला ते सांगायला हवं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. तपासणीला साहेब येणार म्हटलं की आम्ही मुलं आदल्या दिवशी भिंतींच्या भेगांत शेण-माती भरायचो, मोडकी बाकं मागच्या खोलीत ढकलायचो, आणि सगळ्या वर्गांना एकच स्वच्छ नकाशा पुरवून वापरायचो. गुरुजी त्याला पाहुण्यांचा मान म्हणायचे. ते माझ्या हाडात आहे. परदेशातून एक म्हातारी बाई वडिलांची शेवटची जागा बघायला येणार, आणि दार असं पोचे पडलेलं? मला ते बघवेना. दाराच्या कडीपासून खालपर्यंत अकरा पोचे होते. मी ते मोजले होते आणि अहवालात 'अपघातातील पोचे, ११' असं लिहिलं होतं. फोटोही काढले होते. फ्लॅशच्या उजेडात त्यांत पोचे दिसतच नव्हते, हे नंतर कळलं.

"चाचा, एवढे काढून द्याल?"

"माझं कामच ते. पण मॅडम?"

"मॅडमना आनंदच होईल."

मी आत बसायचं, लोखंडी ठोकळा पत्र्याला टेकवून धरायचा, आणि चाचांनी बाहेरून लाकडी हातोड्याने मारायचं, असं ठरलं. कोसळताना चौकटीत अडकून बसलेलं ते दार आम्ही साफसफाईत मोकळं केलं होतं; ते ओढून घेतलं. आत ओल्या दगडाचा वास होता. तो डोंगरातून इथवर आला होता आणि कितीही फडकी मारली तरी जात नव्हता. वरच्या भोकातून उजेडाचा एक चौकोन माझ्या गुडघ्यावर पडला होता.

"धरलं घट्ट?"

"धरलंय."

ठण्. तो आवाज कानात शिरला नाही, दातांत शिरला. दुसरा पोचा. तिसरा. चाचा वरून खाली येत होते. प्रत्येक ठोक्याला आतली धूळ उडून त्या उजेडात तरंगायची. आठवा झाला आणि हातोडा थांबला.

मी नवव्यावर ठोकळा धरून बसलो. काहीच नाही. "चाचा?" उत्तर नाही. वाटलं, चहाला गेले. मग दाराच्या पलीकडून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. पत्र्यावरून हळू, वरपासून खालपर्यंत. मला तिथून उठता येईना. भीती वाटली म्हणण्यापेक्षा, अंगातली हालचालच गेली.

"बाहेर या," चाचांचा आवाज आला. ते पत्र्यावर तळहात फिरवत होते.

"झालं?"

"आधी बाहेर या. मग बोलू."

बाहेर आलो तर ते स्टुलावर बसले होते. हातोडा खाली ठेवलेला.

"गाडीला पोचा पडतो तो बाहेरून. पत्रा आत जातो," ते म्हणाले. "हे सगळे बाहेर आलेले होते. ठोक तुमच्या बाजूने पडलाय. तुम्ही बसला होता तिथून."

"आतलं सामान आदळलं असेल."

"मलाही तेच वाटलं. म्हणून तर आठ काढले. पण सामान एकदा आदळतं, पदवीधर. अकरा वेळा, एकाच मापाने, कडीच्या शेजारी नाही आदळत." त्यांनी माझं बोट धरून दाराच्या तळाशी नेलं. "डोळ्यांनी बघू नका. हाताने बघा."

उरलेले तीन पोचे डब्याच्या तळापासून वीतभर अंतरावर होते. डोळ्यांना जेमतेम दिसत होते. बोटाला लागत होते. प्रत्येकाला एका अंगाने अर्धी गोल कड. चाचांनी आपला पाय उचलून बुटाची टाच त्या कडेशी नेली. टाच बरोबर बसली.

"वरचे खोल होते. उभ्याने मारलेले, जोर होता. मधले जरा खाली, उथळ. आणि हे तीन..." त्यांनी पाय खाली ठेवला. "हे पाठीवर पडून मारलेत."

"किती वेळात?"

"ते पत्रा सांगत नाही."

सावली छपरावर आली होती. डब्यातून टिक असा आवाज आला. आम्ही दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

त्या संध्याकाळी मी चाचांना अतिशय मूर्खपणाची गोष्ट विचारली. काढलेले आठ पुन्हा पाडता येतील का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मान खाली घातली. "मेलेल्या माणसाची लाथ मी मारू?" एवढंच म्हणाले आणि पिशवी उचलून गेले.

चार दिवसांनी अमावास्या होती. मी सकाळपासून शेडचं दार उघडं टाकून बसलो. तो माणूस आला, उघड्या दारासमोरही लांब उभा राहिला आणि हाक मारली.

"काका, तुम्ही दार का वाजवत नाही?"

"आमच्या गावात कुनीच वाजवत न्हाय. कडी वाजली तर मानूस आत गप बसतो, उघडत न्हाय. हाक मारायची."

"का?"

त्याने भाकरी पानावर ठेवली, फडकं झटकलं, घडी घातली. मग सांगितलं. विमान पडलं तेव्हा त्याची आजी नवी नवरी होती. गावाची पाण्याची वाट त्या घळीतूनच जायची. विमान पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आतून टकटक ऐकू येऊ लागली. लोकांनी ठरवलं, गोऱ्यांची भुतं आहेत. बायका डोंगरावरून वळसा घालून पाण्याला जायला लागल्या. "तीन दिस वाजत हुतं. चवथ्या दिशी थांबलं. मग पल्टन आली, वरनं पत्रा कापून तिघांला बाहेर काडलं."

"तीन दिवसांत कोणीच गेलं नाही?"

"न्हाय."

पानाकडे बघतच तो म्हणाला, "आमी भुताला निवद देतो असं नका समजू, सायेब. भुताला देत आस्तो तर कवाच सुटलो आस्तो."

मॅडम परत आल्या त्या दिवशी मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पुरावा काय आहे आपल्याकडे?"

"चाचांची बोटं. त्या गावकऱ्याची आजी. आणि माझा अहवाल."

"अहवालात काय लिहिलंयत?"

"अपघातातील पोचे, अकरा."

"म्हणजे आकडा बरोबर, बाकी सगळं चूक," त्या म्हणाल्या. "मी हात लावू नका म्हणाले होते, ते आपल्याला अवघड मराठी वाटलं का?"

"नाही, मॅडम."

"ती बाई 'तत्काळ' या एका शब्दावर ऐंशी वर्षं झोपली आहे. तिची आई त्या शब्दावर मेली. आता आपण तिला काय दाखवणार? एक गुळगुळीत दार आणि तीन ओरखडे?"

माझ्या कराराचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं; ते मनात नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. ते वाक्य छापलं गेलं, की आतून लाथा मारणारा तो माणूस कधी नव्हताच असं होणार होतं. गावाने एकदा तसं केलं होतं. आता मी करणार होतो, तेही चांगल्या टायपात.

"मजकूर छपाईला परवा जातो," मॅडम चष्मा लावत म्हणाल्या. "लिहिणारे आपण आहात."

दुसऱ्या दिवशी डबा कर्वेनगरच्या दालनात हलवला, आणि त्याच्या पुढच्या सकाळी, उद्घाटनाच्या आधीच, ती बाई आली. उंच, काठी टेकत, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. ती दारापाशी गेली आणि वडीलधाऱ्याला भेटल्यासारखी थोडी वाकून उभी राहिली. चाचा कोपऱ्यात घोडीचे नट आवळत होते. मॅडमनी फलकाचा कच्चा मजकूर, मी अजून न बदललेला, तिला इंग्रजीत वाचून दाखवला. तत्काळ हा शब्द आला तेव्हा तिने डोळे मिटून मान हलवली, पाठ असलेलं काही ऐकावं तशी.

"नो, मॅडम," मी म्हणालो. "दॅट इज... नॉट."

पुढे माझं इंग्रजी अडलं. मुलाखतीत अडलं होतं त्याहून वाईट. मी मॅडमकडे बघितलं. "मी मराठीत सांगतो. तुम्ही सांगाल?"

मी सांगितलं. तीन दिवसांची टकटक आणि वळसा घालून गेलेल्या बायका हेही, आठ पोचे मी सरळ करून घेतले हेही, आणि ते का केले हेही. मॅडम वाक्यामागून वाक्य इंग्रजीत सांगत गेल्या. मला वाटलं होतं, त्या चार शब्द मऊ करतील, निदान माझ्यासाठी. त्यांनी एकही केला नाही. टाच हा शब्द आला तेव्हा त्यांनी आपल्या सँडलच्या टाचेवर बोट ठेवून दाखवलं.

"तिघांपैकी कोण?" बाईने विचारलं.

"माहीत नाही."

तिने खाली बसून ते तीन पोचे हाताने शोधले. तिला ते लगेच सापडले. मग म्हणाली, मला आत बसायचं आहे. दार लावून घ्या.

चाचांनी माझ्याकडे बघितलं, मी मॅडमकडे. मॅडम म्हणाल्या, "लावा." चाचांनी तिला हात देऊन आत चढवलं, बसायला स्टूल दिलं आणि दार ओढून घेतलं.

आम्ही तिघे बाहेर उभे. आत काहीच आवाज नव्हता. मी त्या दाराकडे बघत होतो आणि त्याकडे बघवतही नव्हतं. दोन मिनिटं गेली असतील, पाच गेली असतील. रस्त्यावरून भंगारवाला हातगाडी घेऊन ओरडत गेला. चाचांच्या खिशात किल्ल्या वाजल्या. मॅडम माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "ती पडली तर नसेल?" मी म्हणालो, "आवाज आला असता." चाचा म्हणाले, "उघडू?" आणि कोणीच हललं नाही. आम्ही तिघं जाणती माणसं, हातभर अंतरावर उभी होतो. शेवटी मीच दार ओढलं.

ती स्टुलावर ताठ बसली होती. दोन्ही हात काठीवर.

"आत सगळं ऐकू येतं," ती म्हणाली. मॅडमनी ते मला मराठीत सांगितलं, पण मला ते आधीच समजलं होतं. "किल्ल्या. तुम्ही काय कुजबुजलात ते. तुमचं न हलणं. आणि रस्त्यावरचा तो माणूस, तो काय विकत होता?"

"विकत नव्हता, घेत होता," मॅडम म्हणाल्या. "जुनं लोखंड."

"म्हणजे त्या बायका वळसा घालून गेल्या तेही आतल्या माणसाने ऐकलं असेल. आधी पावलं जवळ येताना, मग लांब जाताना."

चाचांनी पुढे होऊन तिला उतरायला हात दिला.

निघताना ती म्हणाली, आईने ते पत्र बायबलमध्ये ठेवलं होतं, मी ते तिथून काढणार नाही. पण तुमच्या भिंतीवर ते लिहू नका.

त्या दुपारी मी मजकूर पुन्हा लिहिला. मॅडमनी तो दोनदा वाचला. 'संग्रहालयाच्या चुकीने' असं मी लिहिलं होतं, त्याखाली पेन्सिलने रेघ मारली. मला वाटलं, काढायला सांगतील. "सहायकाच्या म्हणालात तर आपण एकटे पडाल," त्या म्हणाल्या. "संग्रहालयाच्याच ठेवा." आणि सही केली.

आता फलकावर असं आहे: या दारावर आतून मारलेल्या लाथांचे अकरा पोचे होते. तिघांपैकी त्या कोणाच्या, हे कळलेलं नाही. मदत तीन दिवसांत पोचू शकली असती, पोचली नाही. अकरापैकी आठ पोचे संग्रहालयाच्या चुकीने सरळ झाले. शेवटचे तीन जसेच्या तसे आहेत.

लोक वाचतात, वाकून ते तीन शोधतात. मग बहुतेकजण विचारतात, बाकीचे आठ कुठे होते? मी पुढे होऊन कडीपासून खाली एकेक जागा दाखवतो. चाचांचा हात चांगला. पत्रा तिथे इतका सपाट बसला आहे, की माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याशिवाय त्यांच्यापुढे उपाय नसतो. काहीजण ठेवत नाहीत. मी पुन्हा वरून सुरुवात करतो.